न फुटलेल्या अंड्यांचा जबाब

पुण्याची कीर्ती ज्या गोष्टींसाठी गायिली जाते त्यांत कोंबडीच्या अंड्याची गणना सहसा होत नाही. तथापि राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने चालविलेल्या चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांपैकी एक खडकीस आहे, आणि डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली स्थापिलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा विस्तीर्ण कारभारही याच शहरातून चालत आला आहे. अशा या शहरात एखाद्या हौशी पालकाने लहानसे उबवण यंत्र आणावे, शंभर अंडी भरावीत आणि एकविसाव्या दिवशी निम्मीच पिल्ले हाती लागल्यावर सारा दोष यंत्रावर लोटून मोकळे व्हावे, हे पाहून वाईट वाटते. कारण यंत्राला आपली बाजू मांडता येत नसली, तरी न फुटलेल्या अंड्यांना ती येते.

खुडूक बसलेली कोंबडी उष्णता, ओलावा, हवा आणि हालचाल या चारही गोष्टींची तजवीज स्वतःच करते. मनुष्याने ही विद्या फार पूर्वी हस्तगत केली. इजिप्तमधील उबवणकार मातीच्या भट्ट्यांत अंडी ठेवीत आणि अंडे पापणीला लावून त्याची ऊब जोखीत. अठराव्या शतकात रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने या कामी तापमापक आणला. आजच्या यंत्रात उष्णता ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सियस राखतात. येथे एक गोष्ट विसरली जाते. प्रारंभी ऊब घेणारा गर्भ अखेरच्या आठवड्यात स्वतःच उष्णता बाहेर टाकू लागतो, आणि म्हणून त्या वेळी यंत्राला अंडी तापविण्यापेक्षा निवविण्याचेच काम अधिक पडते. त्यात कसूर झाली तर पिल्ले मुदतीपूर्वी, दुर्बळ व बेंबी न मिटलेली अशी बाहेर येतात. पहिले अठरा दिवस अंडी नियमाने कलती करावयाची, तीही गर्भ आतल्या पापुद्र्यास चिकटू नये म्हणून.

पुण्यात खरी परीक्षा असते ती ओलाव्याची. कवचाच्या हजारो सूक्ष्म रंध्रांतून अंड्यातील पाणी सतत उडत असते, आणि अठराव्या दिवसापर्यंत वजनात सुमारे बारा टक्के घट व्हावी, म्हणजे साठ ग्रॅमच्या अंड्याने सात ग्रॅमच्या आसपास गमवावे, असा सर्वमान्य हिशेब आहे. एप्रिलच्या रखरखीत दुपारी ही घट मर्यादेबाहेर जाते आणि पिल्लू सुकलेल्या पापुद्र्यात जखडते. श्रावणातल्या दमट हवेत पाणी पुरेसे उडत नाही, रुंद टोकाकडील हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू ऐन सुटकेच्या वेळी आतल्या द्रवातच गुदमरते. ज्या प्रमाणात यंत्रातल्या भांड्यात पाणी वैशाखात घातले त्याच प्रमाणात ते श्रावणात घालणे, ही माझ्या मते आपल्याकडील सर्वांत महाग पडणारी सवय आहे. ट्रे अधूनमधून काट्यावर ठेवण्याचा शिरस्ता पाळला तर ती मोडता येते.

आता जमाखर्चाकडे वळू. शंभर अंड्यांपैकी दहा मुळातच अफलित निघाली आणि उरलेल्या नव्वदांतून एक्याऐंशी पिल्ले आली, तर भरलेल्या अंड्यांवर उतारा एक्याऐंशी टक्के आणि फलित अंड्यांवर नव्वद टक्के पडतो. अफलित अंड्यांबद्दल यंत्रास जबाबदार धरणे अन्यायाचे होय. तेथे आठ-दहा माद्यांमागे एक सशक्त नर होता की नाही, हे विचारावे. अंडी पंधरा ते अठरा अंशांत आणि आठवड्याच्या आत वापरली की नाही, हाही प्रश्न यंत्राच्या दाराबाहेरचाच.

म्हणून माझा आग्रह असा की बाविसाव्या दिवशी उरलेली अंडी उकिरड्यावर न टाकता एकेक फोडून पाहावीत आणि वहीत नोंदवावीत. नुसते रक्ताचे कडे दिसले तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच गेला. अशी अंडी पुष्कळ असतील तर दीर्घ साठवण किंवा आरंभीची अतिउष्णता यांची चौकशी करावी. मधल्या आठवड्यातील मृत्यू बहुधा मातृकळपाच्या निकृष्ट आहाराकडे किंवा मळक्या कवचाकडे बोट दाखवितात. पूर्ण वाढलेल्या पिल्लाचे डोके निमुळत्या टोकाकडे असेल तर अंडे ट्रेमध्ये उलटे ठेवले गेले असावे. आणि चोच पोकळीत शिरूनही कवच न फोडता पिल्लू गेले असेल, तर अखेरच्या तीन दिवसांतील ओलावा व खेळती हवा आधी तपासावी.