वीस इंच, तालुका कोणता?

टेंभुर्णी म्हटलं की पुण्याकडचा माणूस लगेच म्हणतो, "हां, सोलापूर हायवेवरची!" ती नव्हे. ती माढा तालुक्यातली. आमची जाफराबाद तालुक्यातली, जिल्हा जालना. नाव एकच, त्यामुळे तालुका लिहिल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही.

सायकलच्या टायरचंही हेच आहे. पण ते कळायला मला पुण्याच्या पाहुण्यांची जुनी फोल्डिंग सायकल लागली. बाल्कनीत पडून पडून टायर चिरलेले, ब्रेकच्या रबरांचा दगड झालेला. "वीस इंची आहे, टायर कुठंही मिळेल," पाहुणे म्हणाले. मिळाला खरा. बसला नाही.

वीस म्हणजे सोळा

आजच्या बहुतेक वीस इंची फोल्डिंग सायकलींच्या रिमवर टायर जिथं बसतो, तिथला व्यास ४०६ मिलिमीटर असतो. २५.४ नं भागून बघा, उत्तर येतं १६ इंच! जाड टायर गच्च फुगवून बाहेरून बाहेरपर्यंत टेप धरला, तर कुठं वीसच्या आसपास पोचतो. दुसरी एक वीस इंची असते, बारीक टायरची. तिचा व्यास ४५१. इंग्लंडच्या जुन्या 'रॅले ट्वेंटी'तल्या कित्येक सायकली याच मापाच्या. दोन्ही 'वीस इंची'च, फरक मात्र साडेचार सेंटिमीटरचा. माझी निघाली ४५१ची, आणि हातात आलेला टायर ४०६चा.

सोळा इंचात तरी सरळपणा असावा? लहान मुलांच्या सायकलला ३०५ आणि लंडनच्या ब्रॉम्प्टन फोल्डिंगला ३४९. सव्वीस इंचात ५५९ आणि ५९०. आपली घरची काळी अठ्ठावीस इंची? तिचा ६३५, म्हणजे बरोबर २५ इंच.

पावणेदोन आणि पावणेदोन

एका टायरवर लिहिलेलं असतं २० × १.७५. दुसऱ्यावर २० × १¾. शाळेत हे दोन्ही पावणेदोनच. टायरच्या दुनियेत पहिल्याचा व्यास ४०६, दुसऱ्याचा ४१९. गणिताच्या गुरुजींना सांगू नका, उगाच त्रास करून घेतील.

यावरचा उतारा टायरच्या कुशीवरच कोरलेला असतो: ४७-४०६ असा जोडआकडा. पहिला रुंदीचा, दुसरा व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हाच टायरचा तालुका-जिल्हा.

धाव बसवणाऱ्याला विचारा

मापाची ही बारकाई आपल्याकडं नवी नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. धाव चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल तापवायची, म्हणजे फुगते. सांडशीनं उचलून चाकावर चढवायची, हातोड्यानं ठोकत ठोकत सारखी करायची आणि लगेच पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज होतो, वाफेचा लोट उठतो, धाव आकसते आणि तुंब्यापासून पुठ्ठ्यापर्यंत सगळे आरे आवळून धरते. माप थोडं चुकलं तर धाव एक तर चढतच नाही, नाही तर महिन्याभरात निसटते. ४०६ आणि ४१९ मधला तेरा मिलिमीटरचा घोळ धाव बसवणाऱ्यानं एक दिवस खपवून घेतला नसता.

फरक इतकाच, की बैलगाडीचे आरे वजन खालून पेलतात आणि सायकलच्या तारा ताणून धरतात. इंग्रजी वळणाच्या काळ्या सायकलला पुढं ३२ आणि मागं ४० तारा. मागं ओझं जास्त म्हणून आठ जादा. डबलसीट, वर कॅरिअरला दुधाचे कॅन, एवढ्याला त्या हव्यातच.

सायकलच्या हवेच्या टायरची गोष्टही जनावरांशी जोडलेली आहे, जरा आडवळणानं. बेलफास्टचे जॉन बॉइड डनलॉप हे गुरांचे डॉक्टर. पोराच्या तीनचाकीला धक्के कमी बसावेत म्हणून १८८७-८८ मध्ये त्यांनी रबरी नळीत हवा भरली. त्यांच्या नावाची कंपनी झाली, आणि पुढं टायरवाल्या बैलगाडीलाच कित्येक गावांत 'डनलॉप' म्हणू लागले.

चाक बदललं, ब्रेक लटकला

टायर बसत नाही तर चाकच ४०६चं टाकू, असा सोपा सल्ला मला मिळाला. टाकलं. ब्रेक दाबला तर रबर रिमवर नाही, टायरच्या कुशीत! व्यास ४५ मिलिमीटरनं घटला की रिमची कड त्याच्या निम्म्यानं, साडेबावीस मिलिमीटरनं, आत सरकते. कॅलिपर ब्रेकच्या खाचेत रबर खालीवर होतं, पण एवढं नाही. व्ही ब्रेकचं तर विचारूच नका, त्याचे खुंट चिमट्यालाच झाळलेले असतात. तशीच सायकल चालवली तर ब्रेक टायर कापत राहतो, आणि टायर फुटतो तो नेमका ब्रेक दाबल्यावर.

यावर तीन वाटा. लांब हातांचा कॅलिपर शोधायचा. ब्रेकच खाली उतरवणारी पट्टी बसवायची. किंवा रिमचा नादच सोडून ड्रम, बँड किंवा डिस्क ब्रेक घ्यायचा. हे तुंब्यापाशी काम करतात, त्यामुळे रिम केवढी याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. पट्टीचं म्हणाल तर आमचा जालना जिल्हा सळयांचा, लोखंडाला तोटा नाही, आणि "झाळून देतो की" म्हणणाराही कोपऱ्यावर भेटतोच. पण बाकी कुठंही जुगाड करा, ब्रेकमध्ये करू नका. मी मागं ड्रम आणि पुढं लांब हाताचा कॅलिपर घेतला.

मूठ कुठली, तेही बघा. व्ही ब्रेकला केबल साध्या कॅलिपरच्या जवळपास दुप्पट ओढावी लागते. व्ही ब्रेकची मूठ कॅलिपरला जोडली तर ती लाकडासारखी कडक लागते आणि सायकल काही थांबत नाही. उलटं केलं तर मूठ थेट हँडलला टेकते. शिवाय आपल्याकडं उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, अमेरिकेत डाव्या. तिकडून आलेली जुनी सायकल घेतलीत तर उतारावर जाण्याआधी अंगणात एकदा दाबून पाहा.

आणि नवं पुढचं चाक घ्यायच्या आधी चिमट्याचं आतलं अंतर मोजा. साधारण सायकलला ते १०० मिलिमीटर, पण डाहॉन आणि ब्रॉम्प्टन या फोल्डिंग सायकलींना बहुतेक अवघं ७४. चाक आणून चिमटा फाकवत बसण्यात काही गंमत नाही.

चाक लहान, पाय जास्त

काळ्या सायकलचं पुढचं चक्र ४४ दात्यांचं आणि मागचं १८ दात्यांचं धरलं, तर पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. तेच दाते वीस इंची चाकाला लावा, चार मीटरही भरत नाहीत. म्हणून फोल्डिंगला पुढचं चक्र ताटाएवढं असतं. चाक आणखी लहान केलंत तर वळताना पायडल रस्त्याला घासतं, हे वेगळंच.

घडीच्या सायकलला चाक लहानच हवं असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीनं केलेल्या सायकलला पुरती मोठी चाकं होती. दोन पाकोळी नट सैल केले की ती मधोमध दुमडायची. विमानातून खाली सोडताना हँडल आणि सीट खालच्या बाजूला असत, म्हणजे आदळलं तरी चाकं वाचतील. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात ती बघायला मिळते. लहान चाकांची लाट आली ती १९६२ मध्ये, ॲलेक्स मोल्टन यांच्या सायकलीपासून. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं, म्हणून त्यांनी रबरी सस्पेन्शन दिलं. मिनी मोटारीचं रबरी सस्पेन्शनही त्यांचंच.

तेव्हा दुकानात जाऊन "वीस इंची द्या" म्हणू नका. कुशीवरचा जोडआकडा सांगा. तो झिजून पुसला असेल, तर जुना टायरच खांद्याला अडकवून घेऊन जा.