टापा, माऊथ ऑर्गन आणि ढोल

आपल्या त्सुफेनहाउझेनहून एस-४ पकडून मारबाखला गेलात, तर नाटककार फ्रीडरिश शिलरचं जन्मघर बघायला मिळतं. त्याचं ‘विल्हेल्म टेल’ १८०४ साली रंगभूमीवर आलं. त्यावरून रॉसिनीने १८२९ मध्ये ऑपेरा रचला. त्या ऑपेराच्या आरंभसंगीताचा शेवटचा, दौडत जाणारा भाग आधी रेडिओवर आणि १९४९ पासून टीव्हीवर ‘द लोन रेंजर’ या अमेरिकन मालिकेचं शीर्षकसंगीत झाला. स्वित्झर्लंडच्या तिरंदाजाची धून अशी टेक्सासच्या घोडेस्वाराला मिळाली, आणि कुणाला ती खटकलीही नाही. ताल दौडीचा असला की घोडा कुठलाही चालतो.

जुन्या वेस्टर्न मालिकांमध्ये संगीताला बरंच काम असे. पडदा लहान, चित्र बऱ्याचदा कृष्णधवल. त्यात अफाट माळरान दाखवायचं कसं? ती रुंदी कानांनी भरून काढायची. शिवाय शीर्षकसंगीत म्हणजे घरभर पांगलेल्या माणसांना मारलेली हाक. ‘बोनान्झा’ (१९५९ ते १९७३) आठवून बघा. जे लिव्हिंग्स्टन आणि रे एव्हन्स यांनी त्या धूनसाठी शब्दही लिहिले होते, पण मालिकेच्या सुरुवातीला नुसती वाद्यंच वाजत. आतल्या प्रसंगांचं संगीत डेव्हिड रोज यांचं. जाहिरातीआधी सूर चढवून अर्धवट सोडायचा, म्हणजे प्रेक्षक उठून जात नाही, ही युक्ती सगळ्याच मालिका वापरत. आपल्या आजच्या मालिकांमध्ये सासूच्या चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा जातो आणि तीनदा गडगडतं, ते याच जातकुळीतलं.

सगळ्यांकडे दर भागासाठी नवं संगीत करण्याइतका पैसा नसे. सीबीएस वाहिनीने ध्वनिमुद्रित तुकड्यांचा साठाच करून ठेवला होता. ‘सायको’चे संगीतकार बर्नार्ड हरमन यांनीही त्यासाठी काम केलं. धोक्याचा एक तुकडा, पाठलागाचा एक, हुरहुरीचा एक. मालिका कुठलीही असो. साठ्यातून वाजवलं की संकेत पक्के होतात, आणि प्रेक्षकही ते नकळत शिकतो.

सगळ्यात पक्का संकेत ढोलाचा. एक जोरदार ठोका, मागून तीन हलके. टेकडीवर कुणी दिसायच्या आतच कळतं की ‘इंडियन’ आले, आता भ्यायचं. अपाचे, सू, शायेन यांच्या भाषा वेगळ्या, गाणी वेगळी. पडद्यावर सगळ्यांना ढोल एकच.

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी ही गोष्ट दूरची नाही. जर्मनमध्ये ‘इंडर’ म्हणजे आपण आणि ‘इंडियानर’ म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. फाशिंगच्या दिवसांत किंडरगार्टनमधून आलेल्या माझ्या मुलीने विचारलं होतं, “आई, तो ढोल आपला का गं?” नाही म्हणून सांगितलं, पण मग लक्षात आलं, आपल्यासाठीही एक तयार तुकडा आहेच. भारतावरचा माहितीपट लागला की अनेकदा आधी सतार ऐकू येते, मग पडद्यावर गच्च भरलेली मुंबईची लोकल असली तरी.

जर्मनीने मात्र एक वेगळी वाट काढली. कार्ल माय यांच्या कादंबऱ्यांवरचे वेस्टर्न चित्रपट १९६२ पासून आले, चित्रीकरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियात. संगीतकार मार्टिन ब्यॉटशर यांनी अपाचे सरदार विनेटूला संथ, लांब, हळवी चाल दिली. इथे तो नायक होता, म्हणून संगीतही त्याच्या बाजूचं. पण तीही चाल अपाचे लोकांची नव्हे, जर्मन वाद्यवृंदाची. प्रेमाने वाजवलं तरी त्यांचा स्वतःचा आवाज ऐकू आलाच नाही.

या चित्रपटांत माऊथ ऑर्गनही आहे. इथून दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवरच्या ट्रॉसिंगनमध्ये मातियास होनर या घड्याळजीने १८५७ मध्ये तो बनवायला सुरुवात केली, आणि पुढे ही खिशात मावणारी वाद्यं अमेरिकेत ढिगाने गेली. एकट्या माणसाचं वाद्य म्हणून वेस्टर्नने ते उचललं. तिथून ते आपल्याकडे ‘शोले’त (१९७५) आलं. जय ओठाला लावतो, वाजवलेलं असतं भानू गुप्तांनी. राहुल देव बर्मन यांनी त्याच चित्रपटात टांग्याच्या पाठलागाला पंडित सामता प्रसादांचा तबला लावला. दौड तीच, पण बोल आपले. ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येच्या प्रसंगात लक्षात राहते ती झोपाळ्याची करकर. कुठे वाजवू नये, हेही पार्श्वसंगीतच.

शिक्षिका होते, त्यामुळे गृहपाठ दिल्याशिवाय राहवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मुलांबरोबर एखादा जुना वेस्टर्न लावा आणि पाच मिनिटं आवाज बंद ठेवा. कोण चांगला, कोण वाईट, ते मुलांना ठरवू द्या. मग तोच प्रसंग आवाजासकट बघा. उत्तर बदललं, तर का बदललं ते विचारा. आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर असतील, तर त्यांनाही खेळात घ्या. त्यांच्यासाठी ‘शोले’ लावा. आणि पुढच्या वेळी भारताचं नाव निघताच सतार वाजू लागली, तर मुलांकडे फक्त बघा. आधी तीच हसतील.