हिंसक गुन्ह्यातील पीडितांची शासकीय भरपाई : आकारणीचे निकष आणि नंदुरबार जिल्हा

प्रस्तावना

फौजदारी न्यायप्रक्रियेचे लक्ष दीर्घकाळ आरोपीवर केंद्रित राहिले. गुन्हा शाबित होऊन आरोपीस शिक्षा झाली की न्याय पूर्ण झाला, असे मानले जाई. पीडित व्यक्तीचा उपचारखर्च, बुडालेली मजुरी आणि उद्ध्वस्त झालेले कुटुंब यांचा विचार फौजदारी कायद्यात उशिरा आला. दंडाच्या रकमेतून भरपाई देण्याची तरतूद पूर्वीही होती. परंतु आरोपी निर्धन असेल वा सापडलाच नाही, तर ती निरुपयोगी ठरे. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ समाविष्ट झाले व ही जबाबदारी राज्यावर आली. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मध्ये आहे. भरपाईची रक्कम कशी ठरते आणि आदिवासीबहुल नंदुरबार जिल्ह्यात त्या निकषांचा परिणाम काय होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पहिली पद्धती : किमान व कमाल मर्यादा

कलम ३९६ नुसार न्यायालय शिफारस करते. रक्कम मात्र जिल्हा वा राज्य विधी सेवा प्राधिकरण ठरवते. आरोपी निर्दोष सुटला, तरी पुनर्वसनासाठी शिफारस करता येते. आरोपीचा शोधच लागला नाही, तर पीडित व्यक्ती वा तिच्यावर अवलंबून असलेल्यांना प्राधिकरणाकडे थेट अर्ज करता येतो. अशा अर्जावरील चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करावयाची असते.

स्त्रियांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०१८ मध्ये तयार केलेली योजना राज्यांनी किमान आधार म्हणून स्वीकारावी, असे सर्वोच्च न्यायालयाने निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केले. तिच्या परिशिष्टात मृत्यूसाठी ५ ते १० लाख, बलात्कारासाठी ४ ते ७ लाख, सामूहिक बलात्कारासाठी ५ ते १० लाख, तर गंभीर शारीरिक दुखापतीसाठी १ ते २ लाख रुपये अशा मर्यादा आहेत. पीडिता अल्पवयीन असल्यास मर्यादा ५० टक्क्यांनी वाढते. हानी एकाहून अधिक प्रकारची असल्यास त्यांचा एकत्रित विचार होतो. अंतरिम साहाय्य कमाल रकमेच्या २५ टक्क्यांहून कमी नसावे, असाही नियम आहे.

मर्यादेतील नेमका आकडा गुन्ह्याचे गांभीर्य, उपचार व खटल्यासाठीच्या प्रवासाचा खर्च, बुडालेले शिक्षण वा रोजगार आणि आर्थिक स्थिती यांवरून ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात मृत व्यक्तीचे वय, मासिक उत्पन्न व अवलंबितांची संख्या विचारात घेतली जाते. मोटार अपघाताच्या दाव्याप्रमाणे येथे उत्पन्नास वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणण्याचे सूत्र नाही. त्यामुळे निर्णय बराचसा तारतम्यावर अवलंबून राहतो.

दुसरी पद्धती : निश्चित रक्कम

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील साहाय्य निराळ्या पद्धतीने मिळते. १९९५ च्या नियमांतील २०१६ च्या सुधारणेनुसार खुनासाठी ८ लाख २५ हजार रुपये निश्चित केले आहेत. त्यांपैकी निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर व निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर द्यावयाची असते. शिवाय मृताच्या पत्नीस अथवा इतर अवलंबितांना दरमहा ५ हजार रुपये मूळ निवृत्तिवेतन व महागाई भत्ता मिळतो. येथे उत्पन्नाचा दाखला रकमेच्या आड येत नाही. हे साहाय्य अन्य कायद्यांखालील भरपाईच्या हक्काव्यतिरिक्त असते.

नंदुरबार जिल्ह्यातील परिणाम

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार ६९ टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अत्याचार प्रतिबंध अधिनियम लागू होण्यासाठी आरोपी अनुसूचित जाती वा जमातीचा नसावा लागतो. साहजिकच एकाच पाड्यात, एकाच जमातीत घडलेली हिंसा त्याच्या कक्षेबाहेर राहते.

डाकीण ठरवून होणाऱ्या छळात ही विसंगती तीव्रतेने जाणवते. जादूटोण्याचा आरोप करून शारीरिक वा मानसिक यातना देणे हा २०१५ च्या दुरुस्तीने या अधिनियमाखाली स्वतंत्र गुन्हा ठरला आणि त्यासाठी १ लाख रुपयांचे साहाय्य आहे. गाव वा घर सोडण्यास भाग पाडल्यासही साहाय्याची तरतूद आहे. परंतु सातपुड्यातील पाड्यांत असा आरोप करणारे बहुधा पीडितेच्याच जमातीतील, कित्येकदा नात्यातील असतात. मग तिला पहिल्या पद्धतीकडे वळावे लागते. त्या परिशिष्टात दुखापतीची टक्केवारी आहे. गाव तुटल्याची नोंद करण्यास रकाना नाही.

मृत्यूच्या प्रकरणातही निकष अशा स्त्रीच्या विरुद्ध जाऊ शकतात. वृद्ध विधवेचे उरलेले आयुष्य अल्प मानले जाते, अवलंबित नसतात आणि मोहफुले वेचणे, शेतातील राबणूक वा ऊसतोडीची उचल यांतून मिळणारे उत्पन्न कोणत्याही दाखल्यावर येत नाही. किमान ५ लाखांची मर्यादा हाच तिथे खरा आधार उरतो. वारस स्वतःच आरोपी असल्यास रक्कम कोणास द्यावी, हाही प्रश्न उपस्थित होतो. अक्राणी तालुक्याच्या दुर्गम पाड्यातून नंदुरबारच्या न्यायालयात येण्याचा खर्च विचारात घेता येतो. परंतु तो मांडणारे कोणी असावे लागते.

निष्कर्ष

भरपाई ही कृपा नसून हक्क आहे, हे कायद्याने मान्य केले. तथापि, त्या हक्काचे रुपयांतील मोल आरोपीची जमात आणि पीडितेच्या कागदपत्रांवरून बदलते. दाखल्याअभावी उत्पन्न शून्य न धरता किमान वेतनाचा आधार घेणे, कष्टांची नोंद ग्रामसभेच्या साक्षीने करणे आणि विस्थापनास हानीचा स्वतंत्र प्रकार मानणे या उपायांचा विचार झाला पाहिजे. जखम सारखी असेल, तर आरोपी कोण यावरून तिचे मोल कमी होऊ नये.