जुन्या मोटारीच्या मागील पाट्यांचे बुश : निवड आणि बसवणूक

बैलगाडीच्या तुंब्यांतलें वंगण संपलें म्हणजे आस कुरकुरूं लागते, आणि शहाणा शेतकरी ती कुरकुर ऐकूनच चाक उतरवितो. मोटारीच्या बाबतींत मात्र आपण तसें करीत नाहीं. मागच्या बाजूनें खटखट आवाज येऊं लागला तरी ‘जुनी गाडी, चालायचेंच’ असें म्हणून घाट चढतों व उतरतों. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांकडे मुंबईच्या आप्तांकडून आलेली जुनी फियाट किंवा पद्मिनी आहे. अशा गाडीच्या मागील पाट्यांचे बुश झिजले असतां नवे कोणते घ्यावेत, याचा विचार येथें करावयाचा आहे. वस्तु मुठींत मावणारी, परंतु गाडीचा सारा मागचा भार व घरचीं माणसें तिच्यावर विसंबून असतात.

प्रथम या गाडीची हल्लींची स्थिति ध्यानीं घ्यावी. शेठ वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यांतून इटलीच्या फियाट ११०० घडणीच्या गाड्या बाहेर पडल्या, व १९७४ पासून त्याच घडणीस पद्मिनी हें नांव मिळालें. गिरगांव, दादर, परळ, लालबाग येथील काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. मुंबईंत टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं झालेली असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून गेली. खाजगी गाड्या मात्र पंधरा वर्षांनंतर तपासणी करवून पुढील नोंदणी घेऊन चालवितां येतात. याचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. ज्या मालाचा रोज खप होतो तो ताजा मिळतो. ज्याचें गिऱ्हाईक ओसरलें तो फळीवर पडून राहतो. आणि रबर ही पडून राहिल्यानें बिघडणारी वस्तु आहे.

आतां बुशाचें काम काय तें पाहूं. या गाडीस मागें दोन्ही बाजूंस पोलादी पाटे आहेत. पाट्याचें पुढील टोक वळवून त्याचा डोळा केलेला असतो, व तो बोल्टानें गाडीच्या सांगाड्यास जोडतात. मागील टोक शॅकल नांवाच्या झुलत्या दुव्यास अडकविलेलें असतें. खड्ड्यांत चाक आदळून पाटा सपाट झाला कीं त्याची लांबी वाढते, व तेवढी मोकळीक शॅकल देतो. डोळा व बोल्ट यांच्यामध्यें जी रबरी नळी बसविलेली असते तीच बुश. पाटा केवळ वजन पेलतो असें नव्हे. मागचा सबंध आंस जागच्या जागीं धरून ठेवण्याचें कामही त्याच्याकडेच आहे. इंजिनाचा रेटा व ब्रेकचा ताण हे मुख्यतः पुढच्या डोळ्यांतून सांगाड्यास पोंचतात. म्हणून पुढच्या बुशाची निवड सर्वांत काळजीपूर्वक करावी.

बुश झिजल्याचीं लक्षणें अशीं : गाडी सुरू करतांना, गिअर बदलतांना किंवा ब्रेक लावतांना मागें एकच ‘खट’ असा आवाज येतो, वळणावर गाडीची मागची बाजू डुलते, मागील टायर वेडेवांकडे झिजतात. खात्री करण्यास दोन उपाय आहेत. चाकांस दगड लावून, डोळा व त्याची बैठक यांमध्यें पहार घालून हलकेंच उचकावें. डोळा सहज सरकला तर रबर गेलें असें समजावें. दुसरा उपाय टेपाचा. पुढील चाकें सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचें अंतर दोन्ही बाजूंस मोजावें. ठळक फरक आला तर आंस एका बाजूस सरकला आहे. मग दोष बुशाचा, पाट्याच्या मधल्या बोल्टाचा कीं सांगाड्याचा, हें मेस्त्रीकडून पाहून घ्यावें.

बाजारांत बुश तीन प्रकारचे मिळतात. पहिला रबराचा. त्यांतही उत्तम तो, कीं ज्याचें रबर आंतील व बाहेरील पोलादी नळ्यांस पक्कें चिकटविलेलें असतें. यास सायलेंट ब्लॉक म्हणतात. यांत कांहींच घासत नाहीं. दोरीस पीळ बसावा तसा रबरासच पीळ बसतो व सुटतो. म्हणून त्यास वंगण लागत नाहीं. उलट तेल व ग्रीस हे नैसर्गिक रबराचे शत्रु आहेत. आंसाच्या सीलांतून तेल गळत असेल तर प्रथम तें बंद करावें, नाहींतर नवा बुशही फुगून मऊ होईल.

दुसरा प्रकार पॉलीयुरेथेनचा. हा बहुधा रंगीत असतो. रबराचा कठीणपणा शोर ए नांवाच्या मापानें मोजतात. साध्या रबरी बुशाचा आंकडा साधारणतः ५५ ते ७० असतो, तर याचा बहुधा ७५ ते ९५. तेलानें हा सहसा बिघडत नाहीं व टिकतोही अधिक. परंतु ‘कठीण तितकें चांगलें’ हा समज आमच्या मतें घातक आहे. पद्मिनीस वेगळी चासी नसून पत्र्याचा सांगाडाच सर्व भार वाहतो. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेंत राहिलेल्या, पावसाळ्यांत हिंदमातेच्या तुंबलेल्या पाण्यांतून गेलेल्या गाडीचा पत्रा पाट्याच्या बैठकीपाशीं गंजलेला असण्याचा संभव फार. रबर जो आघात गिळतें तो कठीण बुश त्या गंजक्या बैठकीकडे पाठवितो. शिवाय हा बुश आंतील नळीवर फिरत असल्यानें त्यास सिलिकोन जातीचें वंगण द्यावें लागतें.

तिसरा प्रकार पितळी किंवा तत्सम धातूचा. जुन्या जीपगाड्यांत ग्रीस भरण्याची सोय असलेले धातूचे बुश असत, व तेथें ते योग्यच होते. रबरासाठीं घडविलेल्या डोळ्यांत लेथवर कांतलेला धातूचा बुश ठोकणें मात्र टाळावें. तो आघात मुळींच शोषीत नाहीं. सारांश, गांवच्या रस्त्यावर चालणाऱ्या पद्मिनीस चांगला रबरी बुशच घ्यावा असा आमचा सल्ला आहे.

खरेदीसाठीं गिरगांवांत ऑपेरा हाउसच्या आसपास मोटारीच्या सुट्या भागांचीं दुकानें आहेत. तेथें जातांना केवळ गाडीचें नांव सांगून भागत नाहीं. जुना बुश बरोबर न्यावा, व डोळा साफ करून त्याचा आंतील व्यास, बोल्टाची जाडी आणि आंतील नळीची लांबी व्हर्नियरनें मोजून लिहून न्यावी. पूर्वीं कोणी भलताच पाटा बसविला असेल तर नांव एक आणि माप दुसरें असें होतें. नवा बुश हातीं घेऊन उजेडांत फिरवावा. रबरावर बारीक भेगा असतील, अंगठ्यानें दाबतां तें लाकडासारखें लागेल, किंवा पोलादाच्या कडेस रबर सुटलेलें दिसेल, तर वेष्टण कितीही नवें असो, माल परत करावा. दोन्ही बाजूंचे बुश एकाच वेळीं व एकाच जातीचे घ्यावेत. शॅकलचे विसरूं नयेत.

माल उत्तम असूनही बसवणूक चुकली तर पैसा वायां जातो. आमच्या एका गाडीचे नवे बुश थोड्याच महिन्यांत फाटले. चौकशीअंतीं कळलें कीं कारागिरानें गाडी जॅकवर असतांना, पाटे लोंबत असतांनाच बोल्ट पूर्ण आवळले होते. तसें केल्यानें गाडी खालीं येतांच रबरास कायमचा पीळ बसतो, व पुढचा प्रत्येक खड्डा तो पीळ वाढवितो. खरी रीत ही : बोल्ट प्रथम ढिले ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, मागची बाजू दोनतीनदां दाबून सोडावी, आणि मग गाडीच्या भारासह बोल्ट पक्के आवळावेत. बुश घालतांना सुलभतेसाठीं साबणाचें पाणी लावावें, ग्रीस नको. सांगाड्याखालीं भक्कम घोडे दिल्यावांचून कोणीही गाडीखालीं शिरूं नये. गंजून बसलेला बोल्ट पुन्हां वापरूं नये, व बैठकीचा पत्रा सडला असेल तर तो सांधल्यावांचून बुशास हात घालूं नये.

हें काम होतांना आपण स्वतः जवळ उभें राहावें. बोल्ट आवळण्यापूर्वीं गाडी खालीं उतरविली कीं नाहीं, एवढें पाहण्यास यंत्रविद्या लागत नाहीं. भरल्या कुटुंबानिशीं घाट उतरतांना मागची बाजू स्थिर राहिली, कीं त्या वेळेचें मोल वसूल झालें.