उशिरा कळण्याची किंमत

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने एचआयव्हीवरची मोफत औषधं (एआरटी) सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जे. जे. होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातली कितीतरी घरं मुंबईतल्या गिरणीच्या पगारावर चाललेली. म्हणून गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीकरांना मुंबई परकी नव्हती. पण गोळ्यांसाठी दर महिन्याला मुंबई गाठणं कुणाला परवडणार? पुढे कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात एआरटी केंद्र आलं. तरी नेसरीहून एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडायचाच, आणि त्या दिवसाची मजुरीही.

सिप्ला या औषध कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा खर्च दिवसाला एका डॉलरच्या आत आणला होता. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरॅपिन एकाच गोळीत. या गोळीने असंख्य जीव वाचवले. तिची खूणही अंगावर राहिली: गाल बसायचे, पाय बधिर व्हायचे, आणि न सांगताही गावात चर्चा व्हायची.

तिची दुसरी उणीव डोळ्यांना दिसत नव्हती. पैसे संपले, ऊसतोडीला जावं लागलं किंवा घरात कुणाला कळेल अशी भीती वाटली, की गोळी बंद व्हायची. बाकीची दोन औषधं लवकर ओसरतात, नेव्हिरॅपिन मात्र कित्येक दिवस रक्तात एकटंच रेंगाळतं. एकट्या औषधासमोर विषाणूला वाट सापडते. के१०३एन नावाचा एकच बदल झाला की नेव्हिरॅपिन जातं आणि त्याच्या जातीचं एफाव्हिरेंझही जातं. म्हणजे रुग्णाने न घेतलेलं औषधही हातचं गेलेलं असतं.

हे कळायचं कसं? नेहमीची तपासणी सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशींची. त्यांची संख्या घसरायला लागेपर्यंत विषाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही, औषधाला न जुमानता वाढत असायचा. तेवढ्यात प्रतिरोधाचे बदल एकावर एक साचायचे. थेट विषाणू मोजणारी व्हायरल लोड चाचणी संशय आल्यावरच व्हायची. २००८ मध्ये सेकंड लाईनची, म्हणजे दुसऱ्या फळीची, औषधं सुरू झाली, तीही आधी चेन्नईजवळच्या तांबरमला आणि जे. जे.ला. त्यानंतर दारुनाविर आणि राल्टेग्राविर ही थर्ड लाईन आली. प्रत्येक पायरीवर औषध होतं, पण तिथवर पोचणारा रुग्ण आधीच थकलेला असायचा.

खरा पालट २०१७-१८ मध्ये झाला. एप्रिल २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू. २०१८ पासून व्हायरल लोड ही सगळ्यांची नेमाची तपासणी झाली. मग डोलुटेग्राविर आलं: टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिनसह दिवसातून एक गोळी. एखाददुसरा डोस चुकला तरी या औषधाविरुद्ध विषाणूला सहजासहजी वाट सापडत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नादिया या औषध-चाचणीत युगांडा, केनिया आणि झिम्बाब्वेतले पहिली फळी निकामी झालेले रुग्ण होते. सोबतच्या जुन्या औषधांना प्रतिरोध असतानाही डोलुटेग्राविरने बहुतेकांचा विषाणू दाबून ठेवला. अनेक वर्षं गोळ्या घेतलेल्यांसाठी ही मोठीच बातमी होती.

तरी निश्चिंत होण्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात डोलुटेग्राविरला प्रतिरोध ३.९ ते ८.६ टक्के आढळला. विषाणू वाढलेला असतानाच या औषधावर आणलेल्या जुन्या रुग्णांत तो १९.६ टक्क्यांपर्यंत गेला. उशीर इथेही भोवला.

सगळे पर्याय संपत आलेल्यांसाठी लेनाकापाविर हे सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन आहे. २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सोबत इतर औषधं लागतातच. २०२४ मध्ये जेनेरिक बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअर आहे.

पण महागडं इंजेक्शन येण्याआधी करण्यासारखं साधं काम बरंच आहे. व्हायरल लोडचा अहवाल आठवड्यांत नव्हे, दिवसांत रुग्णाच्या हाती पडावा. तो वाढलेला दिसला तर प्रतिरोधाची चाचणी लगेच व्हावी. आणि तालुक्याबाहेर कामाला जाणाऱ्याला तिथल्या केंद्रात विनाचौकशी गोळ्या मिळाव्यात. गेल्या वीस वर्षांत विषाणूला फावलं ते आपल्याला उशिरा कळण्यामुळे. तो उशीर कमी करायला नवं औषध शोधावं लागत नाही.