पिशवी काढण्याआधी

छत्रपती संभाजीनगरमधल्या शहागंजच्या घड्याळाच्या आसपास सकाळचा बाजार भरतो, तेव्हा ओझं उचलायची एक ठरावीक रीत दिसते. उकिडवं बसायचं, भाजीची पाटी दोन्ही हातांनी धरायची, श्वास छातीत कोंडायचा आणि एका हिसक्यात उठायचं. श्वास कोंडला की छातीखालचा पडदा खाली दाबला जातो, पोटाचे स्नायू आवळतात आणि पोटातला सगळा दाब ओटीपोटाच्या तळावर येतो. हा तळ बाळंतपणांनी सैल पडलेला असेल, तर योनीमार्गात काहीतरी उतरल्यासारखं, गोळा अडकल्यासारखं वाटू लागतं. बायका याला 'अंग बाहेर येणं' म्हणतात. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी त्रास वाढतो, रात्री आडवं झालं की गोळा आत जातो. म्हणून वर्षानुवर्षं ही गोष्ट अंगावर काढली जाते. शेवटी कधीतरी सांगितलंच, तर सल्ला तयार असतो : मुलंबाळं झाली ना, मग पिशवी काढून टाक. हा सल्ला घाईचा आहे. बिघाड नेमका कुठे आहे हे पाहिलं की, पिशवी काढणं हा पहिला उपाय का नसावा आणि नुसती पिशवी काढणं हा पुरेसा उपाय का नाही, हे दोन्ही स्पष्ट होतं.

मूत्राशय, गर्भपिशवी आणि गुदाशय यांना खालून स्नायूंची एक जाड वीण उचलून धरते आणि वरून गर्भपिशवीच्या तोंडाशी जोडलेले तंतूंचे बंध ओढून धरतात. बाजेची सुतळी ढिली झाली की झोपणाऱ्याचं सगळं वजन चार पायांवरच्या गाठींवर येतं. तसंच खालची वीण सैल झाली की वरच्या बंधांवर ताण येतो आणि काही वर्षांत तेही लांबतात. सैलपणाची सुरुवात बहुधा बाळंतपणात होते. बाळाचं डोकं बाहेर येताना हा स्नायू मूळ लांबीच्या कितीतरी पट ताणला जातो, आणि काही जणींमध्ये तो हाडापासून सुटतोही. चिमटा लावून केलेल्या प्रसूतीत हा धोका जास्त असतो. पुढे पाळी जाते, ऊती पातळ होतात. चुलीच्या धुराने किंवा दम्याने जडलेला खोकला, बद्धकोष्ठामुळे रोजचं कुंथणं आणि वाढलेलं वजन उरलेलं काम करतं. खाली येणारा गोळा दरवेळी गर्भपिशवीच असतो असंही नाही. बहुतेकदा योनीची पुढची भिंत आणि तिला लागून असलेलं मूत्राशय खाली आलेलं असतं. अशा वेळी नुसती पिशवी काढली आणि बंध पुन्हा बांधले नाहीत, तर सैल आधार सैलच राहतो आणि काही वर्षांनी योनीचा वरचा भागच उलटून खाली येऊ शकतो. तो दुरुस्त करणं पहिल्या शस्त्रक्रियेहून अवघड असतं.

मराठवाड्यात ही चर्चा पुस्तकी राहत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भपिशवी काढली गेल्याचं 2019 मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. यातल्या बऱ्याच शस्त्रक्रियांमागे अंगावरून पांढरं जाणं, पोटदुखी, पाळीच्या तक्रारी आणि कर्करोगाची भीती ही कारणं होती. अंग बाहेर येणं हे त्यातलं एक. पण निर्णयाची वाट सगळीकडे सारखीच. मुकादमाची उचल फेडायची, खाडा परवडत नाही, तपासणीच्या फेऱ्या परवडत नाहीत, म्हणून एकदाच काय तो निकाल लावायचा. त्याआधी तीस वर्षं, 1989 मध्ये, राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रियांची तपासणी 'लॅन्सेट'मध्ये मांडली होती. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक ना एक विकार होता आणि त्यासाठी आधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. अनेक वर्षं कुणी तपासलंच नाही आणि तपासणी झाली ती थेट शस्त्रक्रियेच्या टेबलावर, या दोन टोकांच्या मधल्या पायऱ्या आपल्याकडे गाळल्या जातात.

त्यातली पहिली पायरी म्हणजे खाली काय आलंय आणि किती आलंय, हे मोजणं. तपासताना स्त्रीला खोकायला किंवा जोर करायला सांगतात आणि योनीच्या तोंडाच्या संदर्भात अंतर सेंटिमीटरमध्ये नोंदवतात. गोळा तोंडाच्या आत असेल तर बऱ्याच जणींना त्याचा पत्ताही नसतो आणि उपचारही लागत नाहीत. पाळी गेलेल्या अमेरिकी स्त्रियांच्या मोठ्या पाहणीत सौम्य उतार अनेकींमध्ये आपोआप मागे सरकलेला आढळला. त्यापुढची पायरी व्यायामाची. 447 स्त्रियांवरचा एक प्रयोग 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. फिजिओथेरपिस्टने एकेकीला शिकवलेल्या व्यायामाने वर्षअखेर त्रास कमी झाला होता. अंग किती खाली आलंय, त्या मापात मात्र ठोस फरक नव्हता. व्यायामाचं नेमकं काम यातून कळतं : तो अंग वर ढकलून देत नाही, त्रास आटोक्यात आणतो. व्यायाम साधा आहे. गॅस रोखताना जो स्नायू आवळतो तो ओळखायचा, आत आणि वर ओढायचा, जमेल तसं दहा सेकंदांपर्यंत धरायचा आणि पूर्ण सैल सोडायचा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन-चार महिने. मांड्या आणि नितंब आवळून उपयोग नाही, श्वासही कोंडायचा नाही. लघवी करता करता धार रोखून रोज सराव करणं टाळावं.

व्यायामाच्या जोडीला ओझं टाळायलाही सांगितलं जातं, त्यावर रास्त आक्षेप येतो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या किंवा नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत हंडे वाहणाऱ्या बाईला 'ओझं उचलू नका' हे सांगणं म्हणजे चेष्टाच. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवं. ओझ्यामुळे अंग किती उतरतं याबद्दलचा पुरावा एकसारखा नाही. उचलण्याची पद्धत आणि कोंडलेला श्वास यांचा मात्र दाबाशी थेट संबंध आहे. उचलण्याच्या क्षणी श्वास सोडायचा आणि त्याच्या आधी तळाचा स्नायू आवळायचा. खोकला किंवा शिंक येतानाही हेच करायचं. यासाठी वेगळा वेळ लागत नाही. पूर्ण हंड्याऐवजी दोन अर्धे हंडे, पाटी जमिनीवरून उचलण्याऐवजी ओट्यावरून उचलणं, कुंथावं लागू नये इतकं पाणी आणि भाजीपाला पोटात जाणं, जुन्या खोकल्यावर औषध घेणं, हे जमेल तेवढं करावं. बाळंतिणीला सव्वा महिना जड कामापासून लांब ठेवायची आपली रीत याच कारणाने मोलाची आहे. ऊसतोडीच्या हंगामात ती पाळता येत नाही, हा दोष कामाच्या व्यवस्थेचा आहे.

व्यायामाने भागत नसेल तर शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणखी एक साधन आहे, पेसरी. सिलिकॉनची ही मऊ कडी बांगडीसारखी गोल असते. दुमडून आत घालतात, आत गेल्यावर ती उघडते आणि अंगाला वर धरते. माप बरोबर असेल तर कडी आणि योनीची भिंत यांच्यात एक बोट फिरतं. मग स्त्रीला खोकायला, उकिडवं बसायला, चालायला आणि लघवी करून यायला सांगतात. कडी निसटली नाही, दुखलं नाही, लघवी अडली नाही, तरच तिला घरी सोडायचं. 'आमच्या बायका असलं काही वापरणार नाहीत' असं बोललं जातं, पण ही कडी कितीजणींना दाखवली जाते? कडीच्या तपासणीसाठीच्या फेऱ्यांचा प्रश्न मात्र खरा आहे. कडी विसरली गेली तर आत जखम होते. यावर ब्रिटनमध्ये 340 स्त्रियांवर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचं उत्तर असं की, कडी स्वतः काढून, धुऊन, पुन्हा बसवायला शिकलेल्या स्त्रियांचं जगणं दवाखान्यात फेऱ्या घालणाऱ्यांइतकंच चांगलं राहिलं आणि गुंतागुंत कमी झाली. पेसरी सगळ्यांना पुरते असं मात्र नाही. नेदरलँड्समधल्या 440 स्त्रियांवरच्या तुलनात्मक प्रयोगात (2022) दोन वर्षांनी बरं वाटलं असं सांगणाऱ्या पेसरीच्या गटात 76 टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटात 81 टक्के होत्या, आणि पेसरीच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणींनी पुढे शस्त्रक्रिया करून घेतली. म्हणजे कडीने काहींची शस्त्रक्रिया टळते, काहींची पुढे ढकलली जाते. आणि हंगाम, बाळंतपण किंवा अशक्तपणा आड येत असेल तेव्हा तोही वेळ कामाचा असतो.

शस्त्रक्रिया लागतेच तेव्हाही पिशवी काढावीच लागते असं नाही, आणि हा विचार केवळ परदेशातून आलेला नाही. गोव्यात जन्मलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी मुंबईत गर्भपिशवी राखून तिला मागे माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीशी पट्टीने बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. पुरंदरे यांच्या नावाची शस्त्रक्रिया पिशवीचं तोंड पुढे पोटाच्या भिंतीशी बांधते. तरुणपणीच अंग बाहेर आलेल्या आणि मूल हवं असलेल्या बायकांची गरज त्यामागे होती. 2015 मधल्या, 208 डच स्त्रियांवरच्या तुलनात्मक प्रयोगातही पिशवी राखून केलेली दुरुस्ती पिशवी काढून केलेल्या दुरुस्तीहून कमी ठरली नाही. याउलट, अंग वर धरण्यासाठी योनीमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळ्यांची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल 2019 मध्ये थांबवली. 'राहिलेल्या पिशवीला कर्करोग झाला तर?' ही भीती पुष्कळदा निर्णायक ठरते. पण अंग बाहेर येणं हे कर्करोगाचं लक्षण नाही, आणि गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी साधी तपासणी उपलब्ध आहे. तपासणीत दोष निघाला किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं, तर पिशवी काढणं योग्य ठरू शकतं. कारण तेव्हा त्या निर्णयाला आधार असतो.

लघवी पूर्ण अडणं, बाहेर आलेला भाग आत न जाणं किंवा त्यावर जखम होणं, ताप, घाण वास येणारा स्राव, पाळी गेल्यानंतरचं रक्त, यांपैकी काहीही असेल तर थांबू नये. कापडाचा बोळा आत घालून दिवस ढकलणं धोक्याचं. शहागंजहून घाटी लांब नाही, आणि 1956 पासून चालणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयात सगळ्या मराठवाड्यातून रुग्ण येतात. पण कडी आणि व्यायाम शिकवणारं माणूस केवळ शहरात असून भागणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना लागू करायला सांगितली. त्यासोबत पर्याय तालुक्यापर्यंत पोहोचला नाही, तर या निर्बंधांचा भारही बाईवरच पडेल. तोवर पिशवी काढायचा सल्ला मिळालेल्या प्रत्येकीने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : खाली नेमकं काय आणि किती आलंय, कडी बसवून पाहिली का, आणि शस्त्रक्रिया केलीत तर वरचे बंध पुन्हा बांधणार का. तिसऱ्या प्रश्नाला 'हो' असं उत्तर मिळत नसेल, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं.