सोन्याची निब आणि बोरूचा काप

आमच्या गोंदियात राइस मिलच्या गादीवर लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वह्या मांडल्या जात. माझे वडील अशाच एका मिलमध्ये मुनीम होते. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1999 रोजी. पाटावर रोकडवही, खतावणी, दौत आणि टाक. वर्षभर वडिलांच्या खिशाला फाउंटन पेन असे, पण वहीच्या पहिल्या पानावरचे 'श्री' आणि संवत ते टाकाने लिहीत. असे का, म्हणून मी एकदा विचारले. "पेनाने अक्षर बसत नाही," एवढेच म्हणाले. मी ते पूजेच्या सोवळ्याओवळ्यात जमा केले. त्यांना म्हणायचे होते ते निराळेच होते, आणि ते कळायला मला तीस वर्षे आणि बरेच पैसे लागले.

पैशांचा हिशेब आधीच देतो. माझ्याकडे आज जर्मन, जपानी आणि भारतीय मिळून एकवीस फाउंटन पेने आहेत. त्यातले एक माझ्या एका महिन्याच्या पगारापेक्षा महाग होते आणि त्याची खरी किंमत घरात कोणाला सांगितलेली नाही. हा लेख छापून आल्यावर बघू. लोक विचारतात, दहा रुपयांचे बॉलपेन लिहीत नाही का? लिहिते. पण बॉलपेनला दाबावे लागते. चांगल्या फाउंटन पेनला नुसते कागदावर टेकवायचे असते, शाई आपण होऊन उतरते. दोन तास लिहून झाल्यावर बोटे आणि मनगट हा फरक सांगतात.

शाई आपण होऊन उतरते ती कशी, हे समजून घेतल्याशिवाय निब समजत नाही. निबच्या मधोमध एक चीर असते आणि चिरेच्या वरच्या टोकाला बहुधा एक छिद्र. निबखाली काळा, खाचा असलेला भाग असतो. कंपन्या त्याला फीड म्हणतात, आम्ही शाळेत जीभ म्हणायचो. अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो. दिव्याच्या वातीत तेल चढते तेच तत्त्व इथे आहे. मात्र जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर पेन अडते. हवा जास्त आली तर डाग पडतो. शाई आणि हवेची ही देवघेव विश्वासाने चालेल असे पेन करून दाखवण्याचे श्रेय न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमनला दिले जाते. त्याचे पेटंट 1884 चे आहे. जिभेच्या कडेला ज्या पातळ पातळ पाकळ्या दिसतात, त्या जादा आलेली शाई धरून ठेवण्यासाठी असतात.

आता सोने. महागड्या पेनाच्या निबवर 585 किंवा 750 असा आकडा कोरलेला दिसेल. हजार भागांत किती भाग शुद्ध सोने, त्याचा तो आकडा: 585 म्हणजे 14 कॅरेट, 750 म्हणजे 18 कॅरेट. जपानची सेलर कंपनी 21 कॅरेटच्याही निबा करते. मोंब्लाँच्या निबवर 4810 हा आणखी एक आकडा असतो, त्याचा सोन्याशी काही संबंध नाही. ती मोंब्लाँ शिखराची मीटरमधली उंची आहे. एका परिचिताने तो पेनाचा अनुक्रमांक समजून बँकेच्या लॉकरच्या कागदात नोंदवला होता.

सोन्याची निब मऊ असते म्हणून अक्षर चांगले येते, असे दुकानदार सांगतात. हे अर्धेच खरे आहे. जुन्या शाया आम्लधर्मी असत, त्या पोलादाला खात आणि सोन्याला काही करू शकत नसत. सोने वापरात आले त्याचे मोठे कारण हे. पुढे न गंजणारे पोलाद आले आणि ते कारण पुष्कळसे संपले. निब लवचिक आहे की ताठ, हे धातूइतकेच तिच्या पातींची जाडी, लांबी आणि खांद्यांचा आकार ठरवतो. खिळ्यासारख्या ताठ सोन्याच्या निबा मी वापरल्या आहेत, आणि पोलादाच्या लवचिक निबाही.

मुळात कागदाला सोने टेकतच नाही. टेकतो तो टोकावर वितळवून जोडलेला, खसखशीच्या दाण्याएवढा कठीण धातूचा थेंब. त्याला सवयीने इरिडियम म्हणतात. प्रत्यक्षात तो बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा धातूंचा मिश्रधातू असतो. हा थेंब चिरून, घासून त्याला आकार देतात. पेनाची सगळी लिखावट त्या आकारात असते. हे मी पुस्तकातून नव्हे, नुकसानीतून शिकलो. माझी एक 14 कॅरेटची निब मला हवी तशी तिरकी करावी म्हणून मी बारीक पॉलिश पेपरवर घासायला बसलो. तासाभरात छान तिरकी झाली. आठवड्याभरात खरवडायला लागली. भिंगातून पाहिले तर एका पातीवरचा थेंब मी पूर्ण घासून टाकला होता आणि उघडे सोने कागदावर झिजत होते.

निब तिरकी करायची अवदसा मला का आठवली, इथे वडिलांच्या वाक्याकडे परत यावे लागते.

आपले अक्षर बोरूने घडवले आहे. वेताच्या किंवा बरूच्या काडीचे टोक तासून, मध्ये चीर देऊन, तिरके कापायचे, म्हणजे त्याला रुंद धार येते. धार ज्या दिशेला आडवी पडते तिकडे रेघ जाड, धारेच्याच दिशेने सरकली तर बारीक. युरोपातही रुंद धारेचीच लेखणी होती, पण तिचा कोन असा असे की डावीकडून वर उजवीकडे चढणारी रेघ बारीक येते. नागरीच्या बोरूचा काप सर्वसाधारणपणे याच्या उलट दिशेला तिरका. त्यामुळे आपल्याकडे चढती रेघ जाड आणि डावीकडून खाली उजवीकडे उतरणारी रेघ बारीक येते. शिवाय धार साधारण अर्ध्या काटकोनात राहिल्याने आडवी शिरोरेघ आणि उभा काना जवळजवळ सारख्या जाडीचे पडतात. जुन्या पोथीचे कोणतेही पान काढून पाहा. अक्षर भरीव आणि उभे राहिल्यासारखे दिसते ते या सारखेपणामुळे. वडिलांच्या टाकाची निबही अशीच, टोकाला सपाट कापलेली होती. अक्षर 'बसते' म्हणजे काय, ते हे.

आता हीच नागरी महागड्या पेनाने लिहून पाहू. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक निबांचा थेंब गोल असतो: एक्स्ट्रा फाइन, फाइन, मीडियम, ब्रॉड. गोल थेंबाने सगळ्या दिशांना सारखी रेघ येते. स्वच्छ, वाचनीय, आणि थोडी निर्विकार. इथे दुसरी एक अडचण असते. युरोपीय मीडियम किंवा ब्रॉड निबने शाळेच्या वहीच्या ओळीत मराठी लिहिले की 'भ'ची गाठ भरते, 'ष'चा पोटातला दांडा बुडतो, 'द्ध' आणि 'द्व' एकसारखे दिसतात. रोमन अक्षराला वर रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर असा तिमजली संसार नाही. जपान्यांना तो आहे. कांजी चिन्हांत रेघांची दाटी असते, म्हणून पायलट, सेलर, प्लॅटिनम या तिन्ही कंपन्यांच्या निबा युरोपीय निबांपेक्षा साधारण एक पायरी बारीक असतात. त्यांचा मीडियम तो जर्मनांचा फाइन धरायला हरकत नाही. रोजच्या मराठी लेखनाला माझ्या अनुभवाने जपानी मीडियम सर्वांत सोयीची. पत्ता लिहायचा असेल तर ब्रॉड घ्या.

जाड-बारीक हवे असेल तर स्टब आणि इटालिक निबा मिळतात. त्यांचा थेंब सपाट कापलेला असतो, आणि त्या पहिल्यांदा हातात आल्या तेव्हा मला वाटले, बोरू सापडला. सरळ धरून लिहिले तर काना जाड येतो आणि शिरोरेघ केसासारखी. इंग्रजीत हे देखणे दिसते, मराठीत छप्पर उडाल्यासारखे. मनगट वळवून कोन बदलला की शिरोरेघ आणि काना सारखे होतात खरे, पण मग जाडी उलट्या बाजूला पडते. बोरू जिथे भरतो तिथे ही निब रोडावते. ऑब्लिक नावाच्या तिरक्या निबा असतात, पण त्यांचा तिरकेपणा बेताचा, नागरीला लागतो त्याच्या मानाने फारच थोडा. वास्तुविशारदांच्या नावाने ओळखली जाणारी आर्किटेक्ट निब मात्र गमतीची आहे. तिने आडव्या रेघा जाड येतात आणि उभ्या बारीक. मराठी ओळीवर तिने जी शिरोरेघ येते तिला खरेच वजन असते; काने तेवढे हडकुळे. सेलरची नागिनाता तोगी नावाची निब पेन उभे धरले तर बारीक आणि कलते धरले तर जाड लिहिते. शिरोरेघेच्या वेळी पेन जरा कलते करायची सवय लावली तर ती मराठीला बरीच जवळ येते. दाबाने पाती फाकणारी लवचिक निब मी शिफारस करणार नाही. ती उतरत्या रेघांसाठी आहे, शिरोरेघेवर दाब देत सरकलात तर टोक कागदात रुतते.

या दोन लिप्यांचा दोन लेखण्यांशी असलेला संबंध दाखवणारी एक मोठी जागा आहे, भारताचे संविधान. बाबासाहेब आंबेडकरांना उत्तम फाउंटन पेनांची आवड होती हे सर्वश्रुत आहे, आणि 1954 मध्ये ते आमच्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूकही लढले होते, म्हणून आमच्याकडे पेनांचा विषय निघाला की त्यांच्यापर्यंत पोहोचतोच. पण संविधानाची मूळ प्रत फाउंटन पेनाने लिहिलेली नाही. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी होल्डरला 303 क्रमांकाच्या निबा लावून, शाईत बुडवून, वळणदार इटालिक शैलीत लिहिली. हिंदी प्रत लिहिली ती वसंत कृष्ण वैद्य यांनी, नागरीत. दोन्हींच्या प्रतिकृती मिळाल्या तर शेजारी ठेवा आणि जाडी कोणत्या बाजूला पडते तेवढेच पाहा.

आपल्या देशात नागरीसाठी पेन कोणी घडवले का, असा प्रश्न वाचक विचारतील. पेन घडवले गेले, आणि चांगले. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहावरून एबोनाइटचे पेन लेथवर हाताने कातून तयार केले, आणि गांधीजींनी 1935 मध्ये पत्र लिहून त्याची प्रशंसा केली. गांधीजींच्याच नावाने मोंब्लाँने 2009 मध्ये पेन काढले. दांडीयात्रेच्या 241 मैलांची आठवण म्हणून 241 नग, सोन्याच्या निबवर काठी घेतलेले बापू, किंमत अकरा लाखांच्या वर. केरळच्या उच्च न्यायालयात याचिका झाली आणि 2010 मध्ये विक्री थांबली. बोरूने लिहिण्याचा पुरस्कार करणाऱ्या माणसाच्या नावावर हे व्हावे, यावर मी जास्त लिहीत नाही.

आज मुंबई, पुणे, चेन्नई, राजमहेंद्री इथे हाताने कातलेली सुरेख पेने मिळतात. पण नळी इथली आणि निब बहुधा जर्मनीच्या योवो किंवा बॉकची, असा प्रकार असतो. कानपूरच्या कॅनराइटसारखे स्वतः निब बनवणारे थोडे. नागरीच्या कोनाची, टोकाला टिकाऊ थेंब असलेली निब तयार मालात मला अजून मिळालेली नाही. निब घासून देणारे कुशल कारागीर आता देशात आहेत. त्यांच्याकडे नुसते 'ऑब्लिक करून द्या' असे न सांगता आपल्या हातची बोरूने लिहिलेली चार ओळी पाठवाव्यात. माझी दुसरी निब अशीच घडली. पूर्ण बोरू नाही, पण शिरोरेघ आणि काना आता एका घरातले वाटतात.

आमच्याकडच्या हवेचे एक सांगायचे राहिले. पूर्व विदर्भाच्या उन्हाळ्यात ड्रॉपरने शाई भरायचे पेन अर्धे रिकामे ठेवून खिशाला लावू नये. आतली हवा अंगाच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते; माझ्या तीन शर्टांची साक्ष आहे. पेन भरलेले तरी ठेवावे किंवा धुऊन रिकामे. शाई महाग हवीच असे नाही. दांडेकरांनी 1931 मध्ये गिरगावात शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या उद्योगाची कॅमल शाई माझ्या जपानी पेनांत वर्षानुवर्षे चालते आहे. चकाकणारे कण घातलेल्या शायांनी मात्र जीभ तुंबते.

आणि पेन घ्यायला नागपूर-पुण्याच्या दुकानात गेलात तर काउंटरवर इंग्रजी सही करून पेन पसंत करू नका. सगळे तेच करतात, मीही पहिली सहा पेने तशीच घेतली. आपल्या रोजच्या आकारात 'उद्ध्वस्त', 'षष्ठी', 'भ्रम', 'तऱ्हा' असे चार शब्द लिहा. गाठी उघड्या राहतात का ते बघा. मग शाई ओली असतानाच, बोट न उचलता, चारही शब्दांवरून शिरोरेघ ओढा. ती कान्याला जिथे जिथे मिळते तिथे शाईचे ठिपके साचले, तर ते पेन सोन्याचे असले तरी परत द्या.